ना बेल्ट, ना बढती : खाशाबा जाधवांना मोठं केलं ते कुणी?

एक व्हिडीओ तुमच्याही फीडमध्ये कधी ना कधी येऊन गेला असेल. ब्राझिलियन जिउ-जित्सूचा क्लास. पांढरा अंगरखा घातलेली पोरं-पोरी रांगेत उभी आहेत. कोच एकाचं नाव घेतो. तो पुढे येतो. कोच त्याच्या कमरेचा पांढरा बेल्ट सोडतो आणि तिथं निळा बांधतो. आणि तो चांगला धिप्पाड गडी लहान पोरासारखा रडायला लागतो. मागची रांग टाळ्या वाजवत असते.

बघणाऱ्याला प्रश्न पडतो, एका रंगीत पट्ट्यासाठी एवढं काय?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला ब्राझीलला जायची गरज नाही. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावात जाऊन आलं तरी पुरतं. तिथला एक पैलवान असा होता की त्याच्या कमरेला कधी रंगीत बेल्ट बांधला गेला नाही आणि खात्यातली बढतीही त्याला वेळेवर मिळाली नाही. तरी स्वतंत्र भारताला ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक त्यानंच आणून दिलं.

खाशाबा दादासाहेब जाधव. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस. महाराष्ट्र सरकारनं हाच दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून जाहीर केलाय. कोल्हापूर-साताऱ्यापासून थेट चंद्रपूर-गडचिरोलीपर्यंत तो साजरा होतो. पण फोटोला हार घातला की कार्यक्रम संपतो, आणि त्या फोटोतल्या माणसाला कुणी काय दिलं आणि कुणी काय दिलं नाही, हा भाग राहूनच जातो.

आधी बेल्टची भानगड समजून घेऊ

बेल्टची ही पद्धत मूळची ज्युडोची. जिगोरो कानो या जपानी शिक्षकानं १८८२ मध्ये टोकियोत कोडोकान ही शाळा काढली. जुन्या जुजुत्सूमधले धोकादायक प्रकार बाजूला ठेवून त्यानं ज्युडो उभा केला. कोण कुठल्या पायरीवर आहे हे कळावं म्हणून श्रेणी ठरवल्या आणि वरच्या श्रेणीच्या विद्यार्थ्यांना काळा पट्टा देण्याची प्रथाही तिथूनच सुरू झाली.

कोडोकानमध्ये शिकलेला मित्सुयो माएदा पुढे देशोदेशी लढती करत ब्राझीलला पोहोचला आणि तिथंच स्थायिक झाला. त्याच्याकडून ही विद्या ग्रेसी घराण्यातल्या कार्लोसकडे गेली. त्यातून जमिनीवरच्या पकडींवर भर देणारी ब्राझिलियन जिउ-जित्सू तयार झाली.

त्यात मोठ्या माणसांसाठी पांढरा, निळा, जांभळा, तपकिरी आणि काळा अशी पाच रंगांची शिडी आहे. काळ्यापर्यंत पोहोचायला साधारण दहा वर्षं लागतात. कित्येक जण निळ्यावरच थांबतात. बहुतेक ठिकाणी ठरलेली लेखी परीक्षा नसते. कोच रोज बघत असतो. कोण हरल्यावरही दुसऱ्या दिवशी येतो, कोण नवख्याला सांभाळून घेतो, कोण दमल्यावर डोकं शांत ठेवतो, हे सगळं त्याच्या नजरेत असतं. एक दिवस त्याला वाटतं की हा तयार झाला, आणि तो बेल्ट बांधतो.

म्हणजे बेल्ट देतो तो ज्यानं तुम्हाला शेकडो वेळा पडताना पाहिलंय तो माणूस. तो निळ्या बेल्टवाला रडतो ते यामुळेच.

आता आपल्या मातीतल्या कुस्तीकडे या. इथं रंगीत पट्टे नाहीत, पण पायऱ्या आहेत. जत्रेत चिल्ल्यापिल्ल्यांच्या कुस्त्या रेवड्यांवर लागतात. थोडं मोठं झालं की नारळावर. मग पाच-पन्नास रुपयांच्या इनामावर. पुढे नाव झालं की फेटा आणि शेवटी चांदीची गदा. आपली जोड कुणाबरोबर लागते, यावरून पैलवानाला आपली पायरी कळते. ती जोड लावतो वस्ताद, आणि त्यावर शिक्कामोर्तब करतो मैदानाभोवती बसलेला गाव.

खाशाबा याच शिडीवरून वर आले.

गोळेश्वरचं पोरगं

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ चा. गाव गोळेश्वर, तालुका कऱ्हाड, जिल्हा सातारा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. पाच भावांत खाशाबा सगळ्यात धाकटे. त्यांचे पहिले वस्ताद म्हणजे त्यांचे वडीलच. पाच वर्षांचं पोर होतं तेव्हापासून वडिलांनी त्याला मातीत उतरवलं.

तालमीतली माती साधी नसते. तांबडी माती चाळून घेतात, तिच्यात हळद, ताक, तेल, लिंबू घालून ती मऊ करतात. रोज पहाटे हौदा खणून माती वरखाली करायची, हाच अर्धा व्यायाम. मग जोर, बैठका आणि त्यानंतर लढत. या सगळ्यात लहान-मोठं कुणी नसतं. मोठा पैलवानही हौदा खणतो आणि धाकटा त्याच्याकडून डाव शिकतो. जिउ-जित्सूवाले ज्याला मॅटवरचं कुटुंब म्हणतात, ते आपल्याकडे तालमीत होतंच.

१९४० ते १९४७ या काळात खाशाबा कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिकले. ते दिवस चळवळीचे होते. सातारा जिल्हा तर प्रतिसरकारनं पेटलेला. भूमिगत कार्यकर्त्यांना आसरा देणं, निरोप आणि पत्रकं पोहोचवणं अशा कामांत शाळकरी खाशाबांचाही हात होता.

अंगकाठी मात्र फसवी होती. उंची बेताची, पाच फूट पाच इंचांच्या आसपास. बघणाऱ्याला हा पैलवान आहे असं वाटायचंच नाही. ही गोष्ट पुढे एकदा त्यांच्या आडवी आली.

हा काय लढणार?

शाळेनंतर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात आले. कोल्हापूर म्हणजे कुस्तीची पंढरी. राजर्षी शाहू महाराजांनी पैलवानांना आश्रय दिला होता, तालमी उभ्या केल्या होत्या, खासबागसारखं मैदान बांधलं होतं. शाहू महाराज गेले त्याला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती, पण गल्लोगल्ली तालमी होत्याच.

कॉलेजच्या वार्षिक क्रीडा स्पर्धेत खाशाबा नाव द्यायला गेले. खेळाच्या शिक्षकांनी त्यांची शरीरयष्टी बघून नाव घ्यायला नकार दिला. खाशाबा थेट प्राचार्यांकडे गेले. प्राचार्यांनी खेळू द्यायला सांगितलं. झालं, एकामागून एक कुस्त्या त्यांनी मारल्या. आकारानं मोठ्या पैलवानांनाही आभाळ दाखवलं.

हे जमलं कसं? तर चपळाई आणि डावांची तयारी. इतर पैलवान ताकदीवर विसंबून असायचे, खाशाबा एका डावातून दुसऱ्या डावात जायचे. ढाक हा त्यांचा हुकमी डाव. प्रतिस्पर्ध्याची मान बगलेत धरायची, कमरेचा आधार द्यायचा आणि त्याला उचलून पाठीवर आपटायचं. लहान माणूस मोठ्या माणसाला पाडू शकतो ते त्याच्या तोलाचा वापर करून. जिउ-जित्सूच्या क्लासमध्ये आज पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

कोल्हापुरात त्यांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरे गुरुजी यांच्यासारखे मार्गदर्शक मिळाले. कॉलेजच्या त्या स्पर्धेनंतर त्यांची जोड कुणाबरोबर लावायची, हा प्रश्न बदलला. आता देशातल्या पैलवानांबरोबर.

लंडन : माती नाही, मॅट

१९४८. लंडन ऑलिम्पिक. स्वातंत्र्यानंतरचं पहिलंच. कोल्हापूरच्या महाराजांनी खर्चाची बाजू उचलली आणि खाशाबा फ्लायवेट गटात खेळायला गेले.

तिथं पहिला धक्का बसला तो जमिनीचा. आयुष्यभर पाय मातीत रुतवून लढलेला माणूस पहिल्यांदा मॅटवर उभा होता. मातीत पाय धरून ठेवता येतो, मॅटवर तो सरकतो. मातीत कुस्ती चितपट झाली की निकाल, त्याला वेळेचं बंधन नसायचं. मॅटवर घड्याळ होतं आणि गुण होते. आपला हुकमी डाव बरोबर बसला तरी समोरच्याची पाठ लागेपर्यंत पंचांची नजर कुठं आहे, हेही बघावं लागायचं.

अमेरिकेचे माजी लाइटवेट विजेते रीस गार्डनर यांनी तिथं त्यांना मार्गदर्शन केलं. थोड्या दिवसांत जेवढं शिकता येईल तेवढं खाशाबा शिकले. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेच्या पैलवानांना त्यांनी हरवलं. इराणच्या मन्सूर रईसीनं त्यांना रोखलं. शेवटी ते सहावे आले.

मॅटवर नवख्या असलेल्या माणसासाठी जगात सहावा क्रमांक म्हणजे काय चीज आहे, हे कुस्तीतल्या लोकांना कळलं. बाकी देशाला त्याचं फार काही वाटलं नाही. खाशाबा परत आले आणि पुढची चार वर्षं त्यांनी तयारीला दिली. वजनगटही बदलला. आता ५७ किलोचा बँटमवेट.

घर गहाण पडलं, पैलवान विमानात बसला

१९५२ चं ऑलिम्पिक हेलसिंकीत होतं. फिनलंडला जायचं तर आधी संघात निवड व्हायला हवी. तिथंच गाडी अडली.

मद्रासला झालेल्या राष्ट्रीय स्पर्धेत खाशाबांना एका गुणानं मागे ठेवलं गेलं. निकालात पक्षपात झाला अशी त्यांची तक्रार होती. गप्प बसण्याऐवजी त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराज यादविंद्र सिंग खेळाचे दर्दी आणि भारतीय ऑलिम्पिक संघटनेचे अध्यक्ष. पुन्हा लढत घ्यायचं ठरलं. त्या लढतीत खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला असं पाडलं की गुण मोजायची वेळच आली नाही.

निवड झाली. आता पैसे.

आज ऑलिम्पिकला जाणाऱ्या खेळाडूचा खर्च सरकार करतं. तेव्हा तसं नव्हतं. सरकारी मदत गरजेच्या मानानं तुटपुंजी होती. मग माणसं उभी राहिली. गोळेश्वरच्या लोकांनी वर्गणी काढली. ज्यांच्या घरात रोकड क्वचित असायची अशा शेतकऱ्यांनी त्यात पैसे घातले. आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं राहतं घर गहाण टाकलं. रक्कम होती ७,००० रुपये.

१९५२ सालचे ७,००० रुपये. एका प्राचार्यानं, आपल्या मुलासाठी नव्हे, नातेवाइकासाठी नव्हे, तर कॉलेजातल्या एका पैलवान विद्यार्थ्यासाठी घरावर कर्ज काढलं. पदक येईलच याची कसलीही खात्री नसताना.

जिउ-जित्सूच्या भाषेत सांगायचं तर खाशाबांचा बेल्ट हेलसिंकीला जाण्याआधीच बांधला गेला होता. ज्यांनी त्यांना रोज घाम गाळताना पाहिलं होतं त्यांनीच तो बांधला होता. हा तयार आहे असं त्यांचं मत होतं आणि त्या मतापोटी त्यांनी स्वतःची मालमत्ता पणाला लावली होती.

२३ जुलै १९५२

हेलसिंकीत खाशाबांनी सुरुवात जोरात केली. कॅनडाचा पैलवान हरला. मेक्सिकोचा हरला. जर्मनीचा हरला. आता शेवटच्या टप्प्यात दोघे समोर होते, जपानचा शोहाची इशी आणि सोव्हिएत रशियाचा रशीद मामदबेयोव.

इशीची गोष्टही सांगायला हवी. तो मूळचा ज्युडोचा खेळाडू. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानचा कारभार दोस्त राष्ट्रांच्या हातात गेला आणि त्यांनी ज्युडोवर बंदी आणली, म्हणून तो कुस्तीकडे वळला. म्हणजे हेलसिंकीच्या मॅटवर एका बाजूला बेल्टच्या परंपरेतून आलेला जपानी होता आणि दुसऱ्या बाजूला तांबड्या मातीतून आलेला गोळेश्वरचा मराठी माणूस. दोघंही पडेल ती वाट धरून तिथवर पोहोचले होते.

ही कुस्ती लांबली. पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ दोघे झुंजत होते. शेवटी थोडक्यात इशी जिंकला. पुढे सुवर्णपदकही त्यालाच मिळालं. त्या ऑलिम्पिकमधलं जपानचं ते एकमेव सुवर्ण.

आणि मग तो प्रसंग आला ज्याची हळहळ कुस्तीतले लोक अजून करतात. इशीबरोबरच्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर लगेचच खाशाबांना मामदबेयोवशी लढायला बोलावलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी असा नियम होता. पण तो नियम पंचांसमोर मांडायचा कुणी? भारतीय संघाचा एकही अधिकारी तिथं हजर नव्हता. खाशाबा थकलेल्या अंगानं मॅटवर गेले आणि हरले.

मामदबेयोवला रौप्य मिळालं. खाशाबांना कांस्य.

इथं दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. गावाची वर्गणी आणि गहाण पडलेलं घर माणसाला हेलसिंकीपर्यंत नेऊ शकतं. पण तिथं नियमाचं पुस्तक हातात घेऊन पंचांशी भांडणारा माणूस गाव पाठवू शकत नाही. ते काम संघटनेचं आणि सरकारचं होतं. आपली माणसं जिथपर्यंत पोहोचू शकत होती तिथपर्यंत खाशाबा गेले, आणि त्यापुढची पायरी रिकामी होती.

त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचे केशव माणगावे फेदरवेट गटात चौथे आले. पदक थोडक्यात हुकलं आणि नाव लोकांच्या लक्षातही राहिलं नाही. भारतीय हॉकी संघानं त्या वेळी सलग पाचवं सुवर्ण जिंकलं होतं. देशाचं सगळं कौतुक हॉकीच्या वाट्याला गेलं. एका पैलवानाचं कांस्यपदक त्या गर्दीत मागेच पडलं.

पण कऱ्हाडमध्ये तसं झालं नाही.

शंभराहून जास्त बैलगाड्या

खाशाबा परत आले तेव्हा कऱ्हाड स्टेशनवर त्यांना घ्यायला लोक बैलगाड्या घेऊन आले होते. एक-दोन नव्हे, शंभराहून जास्त. ढोल-ताशे, हलगी, गुलाल. स्टेशनपासून गोळेश्वर काही मिनिटांच्या अंतरावर. ती मिरवणूक गावात पोहोचायला काही तास लागले.

हे लोक कोण होते? ज्यांनी वर्गणी दिली होती ते. पदक एकट्या खाशाबांचं नव्हतं, त्यात प्रत्येकाचा चार आण्यांचा का होईना वाटा होता. जिउ-जित्सूच्या वर्गात बेल्ट मिळतो एकाला आणि आनंद होतो सगळ्यांना, ते याच कारणानं. त्या प्रत्येकानं त्याच्याशी झटापट केलेली असते, त्याला घडवण्यात प्रत्येकाचा घाम असतो.

सत्कार झाले, हार पडले. आणि मग खाशाबांनी पहिलं मोठं काम कुठलं केलं? कोल्हापुरात कुस्त्यांचं मैदान भरवलं. स्वतः त्यात उतरले. त्यातून जे पैसे मिळाले ते घेऊन प्राचार्य खर्डेकरांकडे गेले आणि गहाण पडलेलं घर सोडवलं.

ऑलिम्पिक पदकविजेता गुरूचं कर्ज फेडण्यासाठी पुन्हा मातीत लढला. खाशाबांच्या आयुष्यातलं एकच काही लक्षात ठेवायचं असेल तर पदकाच्या आधी हे लक्षात ठेवा.

फौजदार जाधव

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस खात्यात उपनिरीक्षक म्हणून भरती झाले. गावाकडच्या भाषेत फौजदार. खात्याच्या स्पर्धा ते जिंकत राहिले, पोलिसांना शिकवतही राहिले. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकचं स्वप्न मात्र गुडघ्याच्या दुखापतीनं मोडलं.

यानंतरची गोष्ट चढाओढीची नाही, वाट बघण्याची आहे.

देशाला पहिलं वैयक्तिक पदक देणारा माणूस खात्यात सत्तावीस वर्षं राहिला. यातला बहुतेक काळ तो एकाच हुद्द्यावर होता. बढती मिळाली ती निवृत्ती तोंडावर आल्यावर. सहाय्यक पोलीस आयुक्त म्हणून ते निवृत्त झाले. पण निवृत्तीनंतर पेन्शनसाठी खेटे घालावे लागले. कुस्ती संघटनेनंही त्यांची फारशी विचारपूस केली नाही. पैशाची ओढाताण होती.

इथं बेल्ट आणि बढती यातला फरक दिसतो. बेल्ट देणारा तुम्हाला ओळखतो. बढती देणारी फाईल तुम्हाला ओळखत नाही. फाईलीला ज्येष्ठता कळते, रकाने कळतात, शेरे कळतात. हेलसिंकीतल्या पंधरा मिनिटांसाठी तिच्यात रकाना नव्हता. यात एखाद्या साहेबाचा दुष्टपणा शोधायची गरज नाही. खेळाडूचं काय करायचं याची व्यवस्थाच तेव्हा नव्हती. आणि ज्याची व्यवस्था नसते ते मागे पडतं.

मग हा माणूस टिकला कशावर? पदकानंतरची तीस वर्षं कुठलाही नवा सन्मान नसताना त्यांची कुस्तीवरची माया का आटली नाही?

प्रेरणा या शब्दावर आजकाल रोज शंभर रील येतात. त्यात बहुतेक वेळा पुढच्या बक्षिसाची गोष्ट असते. खाशाबांच्या वाट्याला पुढचं बक्षीस आलंच नाही. त्यांच्यापाशी होतं ते मागचं ऋण. वडिलांनी शिकवलेले डाव, गावानं दिलेली वर्गणी, प्राचार्यांनी गहाण टाकलेलं घर. माणूस पुढच्या आशेवर जसा चालतो तसाच मागच्या ऋणावरही चालतो. आणि हे दुसरं इंधन जास्त पुरतं.

१९८२ मध्ये दिल्लीत आशियाई खेळ झाले तेव्हा मशाल घेऊन धावणाऱ्यांत खाशाबा होते. देशानं त्यांच्या हयातीत केलेल्या मोजक्या सन्मानांपैकी हा एक. दोन वर्षांनी, १४ ऑगस्ट १९८४ रोजी, कऱ्हाडजवळ मोटारसायकलच्या अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वय ५८.

गेल्यानंतरचे बेल्ट

त्यानंतर मात्र सन्मान येत गेले. १९९० च्या दशकात महाराष्ट्र सरकारचा शिवछत्रपती पुरस्कार मरणोत्तर मिळाला. २००० सालचा अर्जुन पुरस्कारही मरणोत्तरच. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतल्या कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं गेलं. १५ जानेवारी २०२३ ला गुगलनं त्यांचं डूडल केलं, आणि कित्येक तरुणांना त्या दिवशी पहिल्यांदा हे नाव कळलं. पद्म पुरस्काराची मागणी वर्षानुवर्षं होत आली आहे.

गोळेश्वरमध्ये त्यांच्या नावानं कुस्ती संकुल उभारायची घोषणा झाली आणि काम रखडत गेलं. २०१७ मध्ये तर त्यासाठी निधी मिळेना म्हणून कुटुंबानं ते ऑलिम्पिक पदक लिलावात काढायचा इशारा दिला. गावातल्या त्यांच्या घराचं नाव आहे ऑलिम्पिक निवास. त्या घरानं जपलेलं पदक विकायला काढावं लागणं, ही बातमी वाचून महाराष्ट्राला तेवढ्यापुरती लाज वाटली.

खाशाबांचं पदक किती दुर्मीळ होतं हे कळायलाही देशाला वेळ लागला. भारताला पुढचं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळालं ते ४४ वर्षांनी, १९९६ मध्ये, टेनिसमध्ये लिअँडर पेसकडून. कुस्तीतलं पुढचं पदक ५६ वर्षांनी, २००८ मध्ये, सुशील कुमारकडून. आणि महाराष्ट्राच्या मातीतल्या खेळाडूला पुढचं वैयक्तिक पदक मिळायला ७२ वर्षं लागली. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसळेनं नेमबाजीत कांस्य जिंकलं.

स्वप्नील तेव्हा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदक मिळताच रेल्वेनं त्याला बढती जाहीर केली. राज्य सरकारनंही बक्षीस जाहीर केलं. दोन्ही कांस्यपदकं, दोन्ही कोल्हापूरच्या परंपरेतली, दोघेही सरकारी नोकरीत. पण एकाला बढती मिळायला उभी नोकरी गेली आणि दुसऱ्याला काही दिवस पुरले. या ७२ वर्षांत बदललं असेल तर ते हे.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांना यातून काय?

आता पुन्हा १५ जानेवारीकडे या. गडचिरोलीत आणि चंद्रपुरात पहाटे रस्त्यांवर धावणारी मुलं-मुली दिसतात. बऱ्याच जणांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती असते. म्हणजे खाशाबांनी १९५५ मध्ये धरलेली वाटच. राज्याच्या नोकऱ्यांत आता खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. फाईलीत खेळाडूचा रकाना आला आहे, एवढं नक्की.

पण रकाना येण्याआधी लागतो तो तालमीचा कट्टा, हे चंद्रपूरला वेगळं सांगायला नको. मे २०१८ मध्ये याच जिल्ह्यातल्या आश्रमशाळांमध्ये शिकणारी पाच आदिवासी मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोहोचली. मिशन शौर्य नावाची ती मोहीम आदिवासी विकास विभागाची आणि जिल्हा प्रशासनाची. ज्यांनी आयुष्यात बर्फ पाहिला नव्हता अशा मुलांना निवडून, शिकवून, सगळी सोय करून तिथं पोहोचवलं गेलं. चढणारी माणसं आणि मागे उभी राहणारी यंत्रणा एकत्र आली की काय होतं, याचं हे उदाहरण. खाशाबांना हेलसिंकीत जे मिळालं नाही, ते या मुलांच्या पाठीशी होतं.

मोठी शहरं सोडली तर जिउ-जित्सूचे क्लास फारसे दिसत नाहीत. पण बेल्टमागची जी गोष्ट आहे तिला क्लास लागत नाही. कबड्डीचं मैदान असेल, धनुर्विद्येचा सराव असेल किंवा भरतीसाठी एकत्र धावणारा पोरांचा गट असेल, तिथं रोज बघणारं कुणीतरी हवं. पडल्यावर हसणारं नको, पडल्यावर मोजणारं हवं, की काल दहादा पडला होता, आज सातदा पडला. पुढची जोड कधी लावायची हे त्यालाच कळतं.

आणि ज्यांच्या हातात फायली आहेत त्यांच्यासाठीही यात एक गोष्ट आहे. गाव वर्गणी काढेल, मास्तर घर गहाण टाकतील, मिरवणुकीला बैलगाड्याही येतील. पण मॅटशेजारी उभं राहून नियम सांगणारा माणूस आणि उतारवयातली वेळेवरची पेन्शन, या दोन गोष्टी गावाच्या ऐपतीबाहेरच्या आहेत. त्या द्यायलाच सरकार असतं.

खाशाबांच्या कमरेला रंगीत बेल्ट नव्हता. पण ७,००० रुपयांसाठी गहाण पडलेलं एक घर होतं आणि ते सोडवायला पुन्हा मातीत उतरलेला एक पैलवान होता. पुढच्या १५ जानेवारीला फोटोला हार घालताना त्या घराची आठवण ठेवा. आणि जमलं तर आपल्या गावातल्या धावणाऱ्या एका पोराच्या बुटांची वर्गणी काढा.